तिसऱ्या कडव्यातला बकरा

सरकार पडल्याची बातमी आली तेव्हा चिमणी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की झालं, आता परत ते गाणं म्हणायला लावणार मेले.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तरुणपणी काडीसारखी होती, आवाज बारीक आणि टोकदार, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. आता साठी कधीच उलटली होती, जिना चढताना कठडा धरून मध्येच थांबावं लागे, आणि अंगाने म्हणाल तर चिमणी सोडा, चांगली खाऊनपिऊन सुखी कोंबडी झाली होती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. ते तिच्याआधी मरणार नाही हे तिने केव्हाच मान्य केलं होतं.

टीव्हीवर तेच चाललं होतं जे असल्या दिवशी चालतं. मोठ्या चौकात माणसांचा पूर, दिव्याच्या खांबांवर चढलेले लोक, सरकारी इमारतीच्या खिडक्यांतून भिरकावले जाणारे कागद. सकाळपर्यंत ज्याच्या नावाने सगळे चळाचळा कापत होते, तो दुपारी विमानात बसून पसार झाला होता. असं एकदा पूर्वीही झालं होतं, चिमणी तरुण होती तेव्हा. तेव्हाचा माणूस निराळा होता. विमान बहुधा तेच असेल. तिने टीव्हीचा आवाज बंद केला होता, तरी लोक काय गातायत ते तिला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. तिचंच गाणं गात होते.

त्या गाण्याचं काय झालं होतं ते आधी सांगायला हवं.

जुन्या राजवटीत कुठलंही गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी एका कचेरीत तपासून घ्यावं लागे. कचेरीला हातभर लांब सरकारी नाव होतं, पण गाणंवाले तिला 'कात्री' म्हणत. कात्रीतल्या बड्या साहेबाचा एक दंडक होता: ज्या गाण्यातून काहीच कापलं नाही, ते तपासनिसाने वाचलंच नाही. म्हणजे गाणं कितीही साधंभोळं असलं तरी त्यातली एक ओळ जाणारच. आता गाणी लिहिणारेही काही दूधखुळे नव्हते. ते मुद्दाम एक भडक ओळ घालून ठेवत, अशी की तपासनिसाची पेन्सिल दुसरीकडे वळूच नये. ती ओळ बळी जाई आणि बाकीचं गाणं सुखरूप सुटे. त्या ओळीला 'बकरा' म्हणत. दोन गाणंवाले भेटले की एक दुसऱ्याला विचारायचाच, "काय, बकरा कुठे बांधलास?"

चिमणी आपला बकरा नेहमी तिसऱ्या कडव्यात बांधायची. आणि तो कापायचा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

भावोजी कात्रीत तपासनीस होते. सडपातळ, मितभाषी, कानामागची निळी पेन्सिल काढायला विसरून तसेच घरी येणारे. मेहुणीची गाणी त्यांच्याच टेबलावर यायची, पण घरात त्याबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. ताईकडे जेवायला गेली की भावोजी तिला आग्रह करकरून वाढायचे, हवापाण्याचं बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तिच्या तिसऱ्या कडव्यातली ओळ खोडायचे. बकरा त्यांना बकरा म्हणून कळतो की खरा वाटतो, हे तिने कधी विचारलं नाही. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

मग ती सकाळ आली. रेडिओवर आधी नुसती खरखर, मग बँड, मग कुणा अनोळखी माणसाचा थरथरता आवाज: सरकार उरलेलं नाही. चिमणी ओट्याशी उभी होती. दूध उतू गेलं, तिने बघितलं नाही. उभ्या उभ्या पाठकोऱ्या कागदावर तिने गाणं लिहून काढलं:

खिडकी उघड गं, खिडकी उघड,
रस्त्यावर सकाळ आली,
काल जी कुजबुज होती
ती आज गाणं झाली.

आणि हात बापडा सवयीचा गुलाम. तिसऱ्या कडव्याशी आला आणि त्याने नेहमीसारखा बकरा बांधला:

लपलाय कोण? लपलाय कोण?
ओढा बाहेर, ओढा बाहेर!

कात्रीला त्याच सकाळी कुलूप लागलंय, हे हाताला कोण सांगणार?

दुपारी स्टुडिओत गाताना तिच्या ध्यानात आलं. ती मध्येच थांबली, म्हणाली, "ही ओळ काढू या, ही चुकून राहिली." तिचा पेटीवाला जागेवरून उठलाच. "डोकं फिरलंय का तुझं? अगं, हीच तर ओळ आहे!" आणि त्याने ती पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. खरं सांगायचं तर तिलाही ती आवडली होती. इतकी वर्षं बकरे लिहिले ते मरायलाच लिहिले. एखादा जिवंत सुटला तर सुटू दे की, असं तिला वाटलं. तरुण होती. दिवसच तसा होता, त्या दिवशी सगळ्यांना सगळंच आवडत होतं.

संध्याकाळी अख्खं शहर ती एकच ओळ गात होतं. पहिली दोन कडवी कुणाला धड येत नव्हती. बडे मासे पळून गेले होते, मग लोकांनी छोटे मासे शोधले. भावोजींच्या घराखाली गर्दी जमली आणि टाळ्यांच्या ठेक्यावर विचारू लागली, लपलाय कोण? त्यांना जिन्यावरून ओढत खाली आणलं, गळ्यात कागद अडकवून गल्लीभर फिरवलं, आणि कुणीतरी त्यांच्या उजव्या हातावर बूट ठेवून नाचलं. तीन बोटं कायमची वाकडी झाली. छोटा भाचा पलंगाखालून हे सगळं ऐकत होता. जी ओळ त्या हाताने डोळे मिटूनही खोडली असती, तीच ओळ त्या हातावर नाचली.

ताईने बहिणीशी बोलणं तोडलं. "शब्द तुझ्याच तोंडचे होते," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. चिमणीने बकऱ्याचं तिला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? 'ती ओळ खरी नव्हती गं, तुझ्या नवऱ्याने कापावी म्हणून ठेवली होती'? मोडक्या बोटांच्या माणसापुढे असलं काही मांडायला निर्लज्जपणा लागतो, आणि तो तिच्यात नव्हता.

गाणं मात्र तिला सोडायला तयार नव्हतं. ते पाठ्यपुस्तकात गेलं. खाली प्रश्न होता: 'लपलेला' या शब्दातून कवयित्रीला काय सुचवायचे आहे? विद्वानांनी सांगितलं, लपलेला म्हणजे प्रत्येकाच्या मनातली भीती. दुसऱ्या विद्वानांनी सांगितलं, छे, लपलेलं म्हणजे सत्य. झुरळाच्या औषधाच्या जाहिरातवाल्यांचा अर्थ सगळ्यात सरळ होता, त्यांनी ओट्याखालून झुरळं पळताना दाखवली. दरवर्षी त्या दिवशी तिला मोठ्या चौकात उभी करून गाणं म्हणवून घेत, आणि दरवर्षी ती ओळ म्हणताना तिला जिन्यावरून घसरत येणारी चप्पल दिसे. तिने भावोजींना ओढताना पाहिलंच नव्हतं, तरी दिसे. गाण्याचा अर्थ तिला कुणी विचारला तर ती म्हणायची, "मला काय विचारता, मी फक्त लिहिलंय."

तर सरकार दुसऱ्यांदा पडलं आणि अपेक्षेप्रमाणे फोन आला. वाहिनीचा निर्माता होता. "मॅडम, इतिहास घडतोय! उद्या दुपारी चौकात स्टेज. तुम्ही आणि ते गाणं."

"माझे गुडघे धरलेत."

"खुर्ची देतो."

"घसा बसलाय."

"लोकच गातील मॅडम, तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

"खुर्ची देतोयस ना?" असं म्हणून तिने फोन ठेवला. जायचं नाही हे तिचं ठरलं होतं. तेवढ्यात परत वाजला. तिने वैतागून उचलला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

आवाज म्हातारा झाला होता, पण 'मी' म्हणायची तऱ्हा तीच. चिमणीचे पाय बादलीतल्या बादलीत गार पडले.

"ताई?"

"तो इथे आहे. मागच्या खोलीत. काल आला."

कोण, ते विचारायची गरज नव्हती. पलंगाखाली लपलेला तो भाचा मोठा होऊन सरकारचा प्रवक्ता झाला होता, म्हणजे कालपर्यंत होता. रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचा आणि लोण्यासारख्या आवाजात सांगायचा, सगळं ठीक आहे, कुणी अफवांवर विश्वास ठेवू नये. ज्या सकाळी चौकातल्या मोर्चावर गोळीबार झाला त्या संध्याकाळीही तो तेच बोलला होता. मावशी असून चिमणीने त्या दिवशी टीव्हीला चप्पल दाखवली होती.

"गल्लीत टोळकी फिरतायत," ताई म्हणाली. "तुझं गाणं म्हणत. अजून त्यांना घर माहीत नाही. उद्या तू चौकात गाणार म्हणून टीव्हीवर सांगतायत. ती ओळ म्हणू नकोस. तो चुकलाय, मला कळतं. त्याला कोर्टात उभा करा, तुरुंगात टाका, मी डबा घेऊन जाईन. पण त्यांना त्याला ओढायला शिकवू नकोस. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. आता मागतेय."

चिमणी 'हो' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

जाऊ नये तर ते रेकॉर्ड लावणार, आणि रेकॉर्डवर ती ओळ ठणठणीत होती. म्हणजे जायलाच हवं आणि ओळ बदलायलाच हवी. घोडं अडलं ते निर्मात्यापाशी. त्याला मोठ्या पडद्यावर दाखवायला शब्द हवे होते, आणि तिसऱ्या कडव्याला हात लावला असता तर त्याने छाती बडवून घेतली असती. चिमणी थोडा वेळ विचार करत बसली आणि मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला हसू आलं. तिने तिसऱ्या कडव्यात नवी ओळ लिहिली:

थकलाय कोण? थकलाय कोण?
पाणी द्या त्याला, पाणी द्या!

आणि दुसऱ्या कडव्यात एक धष्टपुष्ट बकरा बांधला. कालचेच लांडगे आज टोप्या बदलून आलेत, असं काहीतरी.

येते म्हणून कळवलं, शब्द निर्मात्याला पाठवले, आणि थोड्याच वेळात त्याचा फोन. "मॅडम, शब्द अप्रतिम. फक्त दुसऱ्या कडव्यात ते लांडग्यांचं... काय आहे, आता कारभार बघणाऱ्या नवीन समितीची मंडळी स्टेजवर असणार. उगाच गैरसमज नको."

"म्हणजे आता मी काय लिहायचं ते तू सांगणार?"

"छे छे, मॅडम! तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त ती ओळ काढू या."

तिने थोडं रुसून घेतलं, थोडी घासाघीस केली, मग मोठ्या मनाने ओळ सोडून दिली. त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिसऱ्या कडव्यावरून त्याची नजर वाऱ्यासारखी निघून गेली. कात्री बंद झाली म्हणतात. अहो, कात्री कसली बंद होते, खुर्चीवरचा माणूस तेवढा बदलतो, आणि या खेपेचा तर पेन्सिलही बाळगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात मुंगीला वाट नव्हती. चिमणी खुर्चीत बसली, वाद्यं सुरू झाली, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. लोक नुसते हुं हुं करत होते. तिसरं आलं. पडद्यावर हातभर अक्षरांत नवी ओळ उमटली, आणि चिमणीने जीव काढून गायलं, थकलाय कोण?

कुणीही पडद्याकडे बघितलं नाही. बघतील कशाला, शाळेपासून पाठ होतं त्यांना. सगळा चौक एका घशाने ओरडला, लपलाय कोण, लपलाय कोण, आणि तिचा आवाज त्यात विरघळून गेला, तिला स्वतःलासुद्धा ऐकू येईना. समोर एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन गात होती, चेहरा आनंदाने फुललेला. वाईट माणसं नव्हती ती. तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिने माइक मांडीवर ठेवला. बाजूला निर्माता डोळे पुसत होता आणि तिला अंगठा दाखवत होता.

गाणं संपलं तरी ओळ संपेना. आणि मग स्टेजखाली कुणीतरी कर्ण्यावर ओरडलं, "प्रवक्ता सापडला! आईच्या घरी बसलाय!" आणि पाठोपाठ ताईच्या गल्लीचं नाव. चौकाच्या एका कोपऱ्यातून माणसं सुटायला लागली.

चिमणी खुर्चीतून उठली. त्या वेळी गुडघे दुखले की नाही ते तिला नंतर आठवेना. वाहिनीची गाडी मागच्या बाजूला उभी होती, तिने ड्रायव्हरला सांगितलं, "मला घेरी येतेय, बहिणीकडे सोड." ड्रायव्हर भला माणूस, त्याने मागच्या रस्त्याने गाडी पिटाळली.

गल्ली तीच होती. ताईच्या दाराचा रंग बदलला होता. चिमणीने दार वाजवलं. वर खिडकीची फट हलली.

"मी आहे. दार उघडू नकोस," चिमणी म्हणाली. "मी इथेच बसते."

आणि ती पायरीवर बसली, दाराला पाठ लावून. बसली ती दमली होती म्हणून. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरून टाळ्यांचा ठेका ऐकू यायला लागला होता.

गल्ली भरेल एवढी माणसं आली. पुढे एक आडदांड गडी होता, हातात लोखंडी दांडकं. तिला बघून सगळे थबकले, आणि मग एकच कल्ला झाला. चिमणी! अरे, खरी चिमणी! फोन वर झाले.

"आजी, बाजूला व्हा," दांडकेवाला अदबीने म्हणाला. "आत तो आहे."

"असेल की. पळून कुठे जातोय? मी एवढी लांबून आले, एक गाणं तरी ऐकाल का नाही?"

आता याला नाही कोण म्हणणार? लोकांनी शिट्ट्या मारल्या. चिमणीने 'खिडकी उघड गं' धरलं. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्यासाठी सगळ्यांनी छात्या भरून श्वास घेतला, टाळ्यांना हात वर झाले, आणि चिमणीने न थांबता सूर खाली घेतला आणि दुसरंच गाणं सुरू केलं.

गाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की माहीत असते, आणि ती तो कुणाला सांगत नाही: आपल्या कुठल्या गाण्याला लोक उठून लघवीला जातात. चिमणीकडे असली पडलेली गाणी ढिगाने होती. त्यातलं सगळ्यात पडेल होतं ते नदीचं. एक बाई नदीकाठी बसलीय, पलीकडून होडी यायचीय, आणि होडी येत नाही. संथ लय, कडव्यामागून कडवी, आणि शेवटी होडी येतच नाही. एकदा एका सभागृहात तिने ते म्हटलं तेव्हा शेवटी एकटा पहारेकरी उरला होता, आणि तोही किल्ल्या त्याच्याकडे होत्या म्हणून.

तेच तिने धरलं. अगदी निवांत.

सुरुवातीला लोक आदराने ऐकत राहिले. हातातल्या फोनचे डोळे तिच्यावर रोखलेले. मग एकेक हात दुखून खाली आला. टाळी वाजवावी असा ठेका नाही, ओरडावं अशी जागा नाही. आणि म्हातारी दारात बसून गातेय, तिला उचलून बाजूला करायचं म्हणजे कॅमेऱ्यासमोर चिमणीला उचलायचं. तेवढी हिंमत कुणाची होईना. मागे कुणीतरी जांभई दिली. जांभई पसरत पुढे आली.

"आजी," दांडकेवाला कडव्याच्या फटीत म्हणाला, "ते खिडकीचं म्हणा ना."

"म्हणते रे बाबा. हे आधी संपू दे. याची अजून बरीच कडवी आहेत."

तो कठड्यावर टेकला. दांडकं मांडीवर आडवं घेतलं. कुणाला घरून फोन आला, कुणाला भूक लागली, कुणी म्हणालं चौकात काहीतरी चाललंय तिकडे जाऊ. टाकी गळावी तशी गल्ली गळायला लागली. नदीचं संपलं तशी चिमणीने लगेच पत्राची वाट बघणारीचं लावलं, त्यानंतर दिव्याची वात. घसा सोलून निघाला होता. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की ही गाणी म्हणजे आपली फजिती. ती खूप मन लावून लिहिली होती तिने, खिडकीच्या गाण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि आज पहिल्यांदा ती कुणाच्या तरी उपयोगाला येत होती.

शेवटी दांडकेवाला तेवढा उरला. तो उठला, पँट झटकली, थोडा ओशाळला. "उद्या येतो आम्ही," तो म्हणाला. आणि जाता जाता, "ती होडी का येत नाही पण?"

"ठाऊक नाही रे," चिमणी म्हणाली.

तो कोपऱ्यावर वळला आणि मागे कडी निघाली. ताईने तिला काखेत हात घालून उठवलं. जिना चढताना दोघींनाही थांबावं लागलं.

वर भावोजी खिडकीशी बसले होते, डाव्या हातात कप. मागच्या खोलीच्या दारात भाचा उभा होता, दाढी वाढलेली, टीव्हीवरच्यापेक्षा बराच लहान.

"मावशी..." तो म्हणाला.

"तू गप्प बस. बोलायचं होतं तेव्हा खोटं बोललास. उद्या वकिलाला घेऊन स्वतःच्या पायांनी हजर हो, नाहीतर मीच दार उघडून देईन."

तो मान खाली घालून आत गेला.

"नदीचं गाणं," भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काही न कापता सोडलं होतं. साहेबाची बोलणी खाल्ली त्यापायी. तू त्यात बकरा घातलाच नव्हतास."

चिमणी त्यांच्याकडे वळली. "भावोजी, ती ओळ... खिडकीच्या गाण्यातली..."

"बकरा होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या कडव्यात. तुझा तिथेच असायचा. जिन्यावरून ओढत होते ना, तेव्हा डोक्यात एवढंच आलं, की अरे, ही तर मी कापली असती."

ताई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती ती मध्येच उभी राहिली. "कसला बकरा?"

भावोजींनी सांगितलं. थोडक्यात, कचेरीतल्यासारखं. ताईने सगळं ऐकून घेतलं, तांब्या तसाच हातात.

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तुला कुणावर तरी राग धरायला हवा होता," भावोजी म्हणाले. "गर्दीवर धरून काय केलं असतंस? तिला ना नाव, ना घर. बहीण तरी बहीण होती, कुठे जाणार होती?"

चिमणीला रडू आलं की संताप आला, तिचं तिलाच कळेना. त्यांचा हात मोडला त्याची भरपाई म्हणून त्यांनी तिची बहीण काढून घेतली होती, आणि तेही न बोलता, एका ओळीवर काट मारावी तसं. आणि त्यांना बोल लावायला तिच्याकडे तोंड नव्हतं. ओळ तिचीच होती. तिला काही म्हणायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. आवाज पार गेला होता.

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग भावोजींकडे बघितलं, आणि मग परत हिच्याकडे. तांब्या टेबलावर ठेवला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

"पाणी गरम करते," ती आतून म्हणाली. "मीठ टाकून गुळण्या कर, आणि आता अजिबात बोलू नकोस. उद्या परत येतील ते."